साडेतीन एकरांची देवरहाटी, दोन गावं आणि मुंबईहून आलेले पैसे

प्रश्न थोडक्यात असा. संगमेश्वर तालुक्यात दोन गावांच्या हद्दीवर साडेतीन एकरांची देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राई, आहे. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने देवळासाठी पैसे जमवलेत. जीर्णोद्धार करायचा, सोबत राईत ५०० झाडं लावायची, वेली-झुडपं काढून ती साफ करायची, तारेचं कुंपण घालायचं आणि देवळापर्यंत पेव्हर ब्लॉकचा रस्ता करायचा, असा बेत आहे. सातबाऱ्यावर नाव सरकारचं, मान दोन्ही गावांचा, आणि गेल्या पावसात पडलेल्या आंब्यावरून दोन्हीकडचं बोलणं बंद. सुरुवात कुठून करू, असं विचारलंय.

सुरुवात करूच नका. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा राईच्या आत कुदळ, कोयता, सिमेंट काही नेऊ नका. मला कोकणातल्या देवराया बघत फिरायला लागून तीस वर्षं होत आली. या काळात तोडीने गेलेल्या राया पाहिल्या, तितक्याच भक्तीने गेलेल्याही पाहिल्या. तुमच्या यादीतली पाचही कामं चांगल्या मनाने ठरली आहेत आणि पाचही राईच्या मुळावर येणारी आहेत. तरी पैसे परत करा असं मी म्हणणार नाही. ते कुठे लावायचे ते सांगतो.

आधी एक हिशेब करू. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. तुमची राई साधारण गोल आहे असं धरलं, तर मधोमध उभं राहिल्यावर कोणत्याही बाजूला पासष्ट-सत्तर मीटरवर कड येते. एवढंच तिचं जग. आता कडेचा वीस मीटरचा पट्टा उन्हाने सुकला, तिथे रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली तणं घुसली, तर आत खरी राई किती उरली? जवळजवळ निम्मी. हे गणित गावात सांगितलं की लोक गप्प होतात, कारण 'कडेची थोडी झाडं' हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या तोंडी असतो. छोट्या राईचं मरण कडेकडून आत सरकतं. म्हणून कामही कडेला करायचं, आणि कडेच्या बाहेर. आत जितकं कमी तितकं बरं.

आत काय चाललंय ते बघण्यासाठी एप्रिलमध्ये एकदा जा. सकाळी सातच्या आत. देवळापासून पंचवीस-तीस पावलं आत जाऊन जमिनीवर उकिडवे बसा आणि पातेरा, म्हणजे गळलेल्या पानांचा थर, हाताने बाजूला करा. वरचा थर कुरकुरीत, त्याखाली मऊ काळपट, आणि त्याखालची माती बोटाला लागेल इतकी ओली असली पाहिजे, भर एप्रिलमध्ये. मातीला कुजल्या पानांचा वास यायला हवा. मग बसल्या जागेवरून दहा पावलांचा चौकोन डोळ्यांनी धरा आणि त्यात कोवळी रोपं मोजा. जांभळाची, पारजांबाची, अंजनीची, किंजळीची. वितीएवढी किती, गुडघ्याएवढी किती, माणसाएवढी किती. वितीएवढी भरपूर आणि पुढची एकही नसेल तर गुरं चरतायत किंवा कुणीतरी दर जत्रेला झाडलोट करतंय. तिन्ही उंचीची असतील तर तुमच्या ५०० रोपांची राईला गरजच नाही, ती स्वतःची सोय करते आहे.

माती कोरडी आणि विटकरी निघाली, वर पातेरा नाही, तर दुखणं जुनं आहे. बहुतेक वेळा कारण साधं असतं. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, कुणीतरी पातेरा नेत असतो. पूर्वी देवरहाटीतला पातेरा न्यायची कुणाची हिंमत नव्हती. आता 'वाळलेलं तर आहे' म्हणून नेतात. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मातीचा थर मुळात चार बोटांचा. पातेरा हाच तिथला पाऊस धरून ठेवणारा स्पंज. तो गेला की खालच्या व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी मार्चमध्येच आटतं आणि मग गाव विंधणविहिरीसाठी अर्ज करतं. तुमच्या राईखालून व्हाळ जातो का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जात असेल तर खालच्या वाडीतल्या बायकांना विचारा की पाणी पूर्वी कधीपर्यंत टिकायचं. पुरुषांना विचारू नका, त्यांना आठवत नाही.

आता वेलींबद्दल, कारण इथे मी स्वतः माती खाल्ली आहे. नव्वदीच्या दशकात दुसऱ्या एका तालुक्यात अशाच एका राईत मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. एका मोठ्या बेहड्यावर गारंबीची मांडीएवढी वेल चढली होती, आसपास आणखी पाच-सहा वेली. मी नवा होतो, पुस्तकी होतो. वेल झाडाला आवळते, काढा, असं सांगून मोकळा झालो. त्यांनी काढल्या. वर छताला भोकं पडली, ऊन थेट जमिनीवर आलं आणि दुसऱ्या पावसात त्या उजेडाच्या ठिपक्यांत रानमोडी उगवली. आज तिथे रानमोडीचं कायमचं ठाण आहे. गारंबीची ती वेल किती जुनी होती कोण जाणे, आणि तिच्या दोन-तीन फूट लांब शेंगा बघायला मुलं यायची, तेही गेलं. वेली म्हणजे राईचं शिवण. दहा झाडांना एकमेकांशी बांधून ठेवतात, वर पानांचं छत सलग ठेवतात. राई 'साफ' करणं हा शब्द तुमच्या ठरावातून खोडून टाका. पडलेलं लाकूड, पोकळ खोड, वाळवीचं वारूळ, सगळं जिथल्या तिथे. साफ करायचा तो फक्त जत्रेनंतरचा कचरा: थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकच्या बाटल्या, राखणीसोबत (देवाला द्यायच्या मानासोबत) आलेल्या अगरबत्त्यांची पाकिटं.

पोकळ खोडाबद्दल थोडं जास्त बोलतो. तुमच्या भागात ककणेर आहे, आणि नशीब असेल तर माडगरूडही; दोन्ही धनेशाच्या जाती. या पक्ष्यांना घरट्याला लागते जुन्या झाडातली ढोली. बेहडा, सातवीण, जुना रायवळ आंबा, असं काहीतरी. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी ढोलीत शिरते, आतून चिखल-विष्ठेने तोंड लिंपून घेते आणि एक फट ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांना दोन-तीन महिने भरवतो. उंबराची फळं, पारजांबाची फळं, कधी सरडा. ढोलीच्या खाली जमिनीवर बियांचा सडा पडलेला दिसतो. त्यातल्या काही पावसात उगवतात. राईतलं कुठलं झाड 'वाळलंय, धोकादायक आहे, काढू या' असं कुणी म्हणालं तर आधी खाली बियांचा सडा आहे का ते बघा. असेल तर मार्च-एप्रिलमध्ये तिथून शंभर पावलं लांब राहायचं आणि ढोलताशा त्या बाजूला न्यायचा नाही. देवरुखच्या आसपास बेहड्याची फळं जपून गोळा करून प्रमाणित माल म्हणून विकायचं काम झालं आहे. घरट्याची झाडं उभी ठेवून शेतकऱ्याला पैसे मिळतात. तुमच्या राईतली फळं विका असं मी सुचवत नाही, पण राईबाहेर बांधावर बेहडे असतील तर त्यांच्या मालकांना हे कळू द्या. बेहडा सरपणाच्या भावाने जातो तो दुसरं गिऱ्हाईक माहीत नसल्यामुळे.

आता देऊळ. तुम्ही लिहिलंय की मूळ स्थान उघड्यावरचं, पाषाण आहेत आणि वर एक जुनी कौलारू पडवी. स्लॅब टाकायचा बेत आहे. माझा पहिला प्रश्न: कौल लावला का? मंडळाच्या बैठकीत ठराव झाला म्हणजे देवाची परवानगी झाली असं तुमच्याकडे धरत नाहीत. गुरवाने कळे लावायचे (पाषाणाला कळ्या चिकटवायच्या), गाऱ्हाणं घालायचं, 'होय महाराजा' म्हणायला दोन्ही गावांचे मानकरी हजर पाहिजेत. उजवा (होकार) पडतो की डावा (नकार) ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचं. मी नास्तिक माणूस आहे, तरी हे सांगतो, कारण एका राईत माझ्यादेखत डावा कौल पडला आणि म्हातारा गुरव एवढंच म्हणाला, "तिला डोक्यावर काय चालत नाय." स्लॅबचा बेत तिथेच बारगळला. ट्रक आत जायचा रस्ता, खडीचा ढीग, मिक्सर, पाण्याची टाकी, सगळं टळलं. उघड्यावर राहणाऱ्या, वाऱ्यापावसात बसणाऱ्या कितीतरी ग्रामदेवता आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. तेव्हापासून या विषयातल्या माणसांच्या नजरेत हे आहे की देव छपराखाली आला, मग पक्क्या मंदिरात आला, की लोकांची नजर राईवरून देवळावर जाते. झाडं मग देवळाचा 'परिसर' होतात, आणि परिसर सुशोभित करायचा असतो.

कौल उजवा पडला तर करा, पण आहे त्याच जोत्यावर, कौलारू, जांभ्याच्या चिऱ्यात. साहित्य डोक्यावरून आत न्या. मजुरी जास्त पडेल, ती मंडळाच्या पैशातून द्या, तेच पैशाचं सोनं. वाट पेव्हर ब्लॉकची नको. ब्लॉकखाली जमीन ठोकून घट्ट करतात, मुळं गुदमरतात, आणि दुपारी ती वाट तापून दोन्ही बाजूंची ओल खेचते. उताराला आडवे सुटे चिरे पायऱ्यांसारखे बसवा, सिमेंट न लावता, मुळं लागली तिथे वळसा घालून. जुन्या झाडांना सिमेंटचे पार बांधू नका. बुंध्याशी माती भरली की साल कुजते, आणि शंभर वर्षांचं झाड पाच-सात वर्षांत आतून पोकळ होऊन एखाद्या जूनमध्ये देवळावर येतं. दिवे जत्रेपुरते. हायमास्टचा मोह होईल, आमदार निधीतून फुकट मिळतो. मे अखेरीस राईतली झाडं काजव्यांनी लखलखतात, ती पुढच्या पिढीला दाखवायची असतील तर नाही म्हणा.

५०० झाडांचं काय करायचं? लावा, पण राईबाहेर. माझ्या मते तुमच्या पैशातला सगळ्यात मोठा वाटा इथे जायला हवा. राईला लागून कुणाच्या जमिनी आहेत ते बघा. तुमच्याकडे बहुधा काजू असेल. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागेला शंभर टक्के अनुदान मिळालं आणि सडेच्या सडे काजूखाली आले. काजूवाला दरवर्षी गवत जाळतो आणि वणवा तिथूनच आत शिरतो. त्या मालकांशी बोला. राईकडच्या बाजूचा वीस मीटरचा पट्टा त्यांनी तोडायचा नाही, जाळायचा नाही, आणि त्याबद्दल मंडळाने त्यांना दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची. साध्या कागदावर, साक्षीदारांच्या सह्या घेऊन. खाजगी रानासाठी असे करार कोकणात झालेले आहेत. लाकडाचा दलाल दहा-बारा वर्षांतून एकदा येतो आणि एकरकमी पैसे देतो. तुम्ही दरवर्षी थोडे दिलेत तर मालकाला तेच परवडतं. मी पाहिलेल्या मालकांपैकी बहुतेकांना झाडं तोडायची नव्हती, मुलीचं लग्न करायचं होतं.

त्या पट्ट्यात रोपं लावायची ती नर्सरीतून ट्रकने आणलेली नकोत. आकेशिया, गिरिपुष्प, गुलमोहर, सीताफळ असलं काहीही 'देशी' म्हणून गळ्यात मारतात. बी तुमच्याच राईतलं घ्या. यात एक मेख आहे: आपल्या सदाहरित झाडांचं बी टिकत नाही. जांभळाचं बी मे-जूनमध्ये पडतं, ते आठ-पंधरा दिवसांत मातीत गेलं पाहिजे, वाळवून डब्यात ठेवलं तर मेलं. सुरंगी, रानजायफळ यांचंही तसंच. उलट बेहड्याचं बी कठीण, त्याला भिजवून, कवचाला चीर देऊन लावा. ऐन-किंजळीचं पंखवालं बी पसाभर पेरलं तर चार रुजतात, तेव्हा त्यांची आपोआप उगवलेली रोपं पहिल्या मुसळधार पावसात मातीच्या गोळ्यासकट हलवलेली बरी. पिशवीत भरायच्या मातीत मूठभर माती राईतल्या त्याच जातीच्या झाडाखालची घाला. त्यातल्या बुरश्या मुळांना लागतात. दोन वर्षं पिशवीत वाढवा, गुडघ्याच्या वर आली की लावा. ५०० नको, १२० लावा आणि १०० जगवा. हे काम शाळेला द्या, पण शाळेच्या नावाची पाटी राईत लावू नका.

रानमोडीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण कडेला ती असणारच. जुलै ते सप्टेंबर, माती ओली असताना मुळासकट उपटायची. डिसेंबर-जानेवारीत फुलोऱ्यावर येते, तेव्हा हात लावलात तर तुम्हीच बी पसरवाल. सलग तीन पावसाळे. आणि वणव्यासाठी दिवाळीनंतर गवत सुकलं की कडेबाहेर तीन-चार मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे तेवढा पट्टा गवत कापून झाडून घ्यायचा. दोन्ही गावांतल्या एकेका माणसाला जानेवारी ते मे राखणदार म्हणून पगार द्या. कुंपणाच्या तारेला जे पैसे लागतील त्यात हे पगार कित्येक वर्षं निघतील. तार तर चोरीलाच जाते. शिवाय भेकर, साळिंदर, रानमांजर यांना तुमच्या राईतून पलीकडच्या रानात जायची वाट लागते. तारेने राईचा तुरुंग होतो. गुरं अडवायची असतील तर निवडुंगाचं किंवा करवंदीचं कुंपण, तेही फक्त गोठ्यांकडच्या बाजूला.

कागदपत्रांचं आता. सातबाऱ्यावर 'सरकार' म्हणजे नक्की कोण, महसूल की वन, ते आधी तलाठ्याकडून काढा. इतर हक्कात देवरहाटीची नोंद आहे का ते बघा, जुने फेरफार काढा. तुमचं गाव खोती असेल तर बोटखतात, म्हणजे खोती गावांच्या जुन्या जमीन-दप्तरात, काही सापडतं का तेही बघा. मग भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीचे दगड घाला, दोन्ही गावांच्या समक्ष. जमीन वनखात्याची निघाली तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला सामूहिक दावा करता येतो. महसूलची असेल तर जैवविविधता कायदा २००२ चा रस्ता आहे. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असतेच, तिला जागं करा, लोक जैवविविधता नोंदवहीत राईची झाडं, पाणी, रूढी लिहून घ्या. पुढे कलम ३७ खाली वारसा स्थळाचा प्रस्ताव देता येतो. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथल्या रानजायफळाच्या दलदलीला २०२१ मध्ये असा दर्जा मिळाला, क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर. म्हणजे तुमची राई लहान आहे म्हणून अडत नाही. गावाला भीती असते की घोषणा झाली की देवळात जायला पास लागेल. तसं नाही, लोकांच्या रूढ वापरावर बाहेरून बंधन लादू नये असंच त्यात धरलेलं आहे. १८ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांची, म्हणजे तिकडच्या देवरायांची, पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं आणि केंद्राला देशभरासाठी धोरण आखायला सुचवलं. त्याचा महाराष्ट्रात परिणाम काय होईल याची वाट बघत बसू नका, तुमची मोजणी तेवढी उरका.

ठराव दोन्ही ग्रामसभांत हवा आणि शब्द न् शब्द तोच हवा. १ मेची ग्रामसभा धरा, तेव्हा चाकरमानी गावात असतात. नाहीतर मुंबईकर एक ठरवतात, गावकरी दुसरं, आणि गणपतीत भांडण उकरतं. ठरावात गावांचा क्रम कसा लिहायचा यावरून मी एक बैठक उधळलेली पाहिली आहे. पालखी ज्या क्रमाने फिरते तोच क्रम ठेवा, मग कुणी बोलत नाही.

राहिला पडलेला आंबा. दोन्ही गावं म्हणतायत की तो आमच्या हद्दीत पडला. बुंधा एकीकडे आणि शेंडा दुसरीकडे असेल, तर दोघंही खरं बोलतायत. लिलाव करू नका, कुणालाच देऊ नका. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी रायांत पडलेली झाडं ओढून काढली. खोडं ओढताना जी रोपं चिरडली ती झाडांच्या पडण्याने मेली नव्हती. तुमच्याकडे पालखीला नवा दांडा करायची वेळ आली असेल तर सुताराला आत नेऊन, सरळ फांदी तिथेच कापून, खांद्यावरून बाहेर आणा. एक दांडा, दोन्ही गावांच्या मानकऱ्यांनी मिळून आणलेला. बाकीचं खोड पडल्या जागी राहू दे. दोन पावसांत त्यावर अळंबी येतील, सालीखाली भुंग्यांच्या अळ्या होतील आणि त्या खायला सुतारपक्षी येईल. वर छताला जे भोक पडलंय त्याखाली पुढच्या जूनमध्ये काय उगवतंय ते मला कळवा, फोटोसह. रानमोडी दिसली तर लगेच उपटा, बाकी काही दिसलं तर हात लावू नका.